डिसेंबरच्या अर्जाची तयारी एसवायच्या उन्हाळ्यात

ठाण्यातल्या वर्तकनगर, शिवाईनगर, देवदयानगर या भागांतली विज्ञान शाखेची मुलं सकाळी टीएमटीची बस किंवा रिक्षा पकडून निघतात. कुणी चेंदणी बंदर रोडवरच्या बांदोडकर कॉलेजात जातं, कुणी ज्ञानसाधनात, कुणी एक स्टेशन पुढे मुलुंडच्या वझे-केळकरला. तिकडे डोंबिवलीत पेंढरकर आणि कल्याणात बिर्ला कॉलेज आहे. टीवायचं वर्ष लागलं की घराघरात पुढच्या शिक्षणाचा विषय निघतो. एमएस्सी कुठून करायची? पीएचडीला परदेशात जाता येईल का? खर्च किती? या प्रश्नांची उत्तरं बहुतेक घरांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शोधायला घेतली जातात, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. अर्जाच्या पोर्टलवर जे भरायचं, ते आधीच्या दीड-दोन वर्षांत घडलेलं असावं लागतं. कुठल्या प्रयोगशाळेत हात काळे केले, कुठला प्रश्न मनात घोळत राहिला, कुठल्या तीन शिक्षकांनी काम जवळून पाहिलं, हे तिथे विचारलं जातं. परीक्षेचे गुण लागतातच, पण चांगले गुण असलेले अर्जदार हजारोंनी असतात.

ठाण्याच्या विद्यार्थ्याचं भाग्य हे की अशा कामाचा पुरावा गोळा करायला लागणाऱ्या बहुतेक संस्था लोकलच्या पासवर गाठता येतात. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे त्यातलं सर्वात मोलाचं आणि तरीही आपल्या कॉलेजांत पुरेसं ठाऊक नसलेलं ठिकाण. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी आणि तिथून एक स्टेशन मागे मानखुर्द, एवढाच प्रवास. या केंद्राचा 'नियस' हा उपक्रम २००४ पासून पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी चालतो. शिबिरातून निवडलेल्या मुलांना पुढे शास्त्रज्ञांच्या हाताखाली प्रकल्प करता येतो. गणिताच्या मुलांसाठी एमटीटीएस आहे. मुंबई विद्यापीठात शिकवणाऱ्या प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये ही उन्हाळी शिबिरं सुरू केली. तिथे व्याख्यानं ऐकून टिपणं काढणं चालत नाही, फळ्यापाशी जाऊन सिद्धता स्वतः रचावी लागते. तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादमींची मिळून एक उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. तिचे अर्ज साधारण हिवाळ्याच्या तोंडावर घेतले जातात आणि निवड झाली की दोन महिने देशातल्या एखाद्या संशोधकाच्या प्रयोगशाळेत काम करता येतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, उन्हाळी कार्यक्रम वेगळा. यांतल्या ज्याची पात्रता जुळते तिथे एसवायला असतानाच अर्ज करायला हवा, कारण टीवायच्या उन्हाळ्यातलं काम त्या वर्षीच्या अर्जात येऊच शकत नाही.

यातलं काहीच जमलं नाही तर? कॉलेजातल्या प्राध्यापकाकडे छोटा प्रकल्प मागावा. उपवन तलावाच्या पाण्याचे नमुने वर्षभर दर महिन्याला घेऊन त्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजला, नोंदी नीट ठेवल्या आणि आकडे विचित्र आले तेव्हा कारण शोधलं, तर मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येतं. ठाण्याच्या खाडीत तर अभ्यासकाला आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे, आणि बांदोडकर कॉलेज त्या खाडीच्या काठावरच उभं आहे. प्रकल्प मोठ्या नावाच्या संस्थेत व्हायला हवा, असा समज विनाकारण मुलांना मागे ठेवतो. निवड समितीला विद्यार्थ्याने स्वतः काय केलं, हे ऐकायचं असतं.

आता देशातल्या वाटा. बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायची तर 'जॅम' ही परीक्षा. ती फेब्रुवारीत होते, अर्ज सप्टेंबरच्या सुमारास उघडतात आणि टीवायला असतानाच बसता येतं. भौतिक, रसायन, गणित, सांख्यिकी, भूविज्ञान, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र असे सात पेपर आहेत. याच गुणांवर बंगळुरूच्या आयआयएस्सीच्या आणि काही आयसरच्या एकात्मिक पीएचडीची दारं उघडतात, म्हणजे एमएस्सी आणि पीएचडी एकाच प्रवेशात. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. एमएस्सीनंतर पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट, गेट आणि भौतिकशास्त्रवाल्यांना जेस्ट. गेटचा गुणांक तीन वर्षं चालतो. नेटमध्ये जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा आहे. २०२४ पासून विद्यापीठांना नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेश देण्याची मुभा आहे, त्यामुळे जेआरएफ हुकली तरी त्या गुणांचा उपयोग होतो. टीआयएफआरसारख्या संस्थांची प्रवेशपद्धत त्या-त्या वर्षीच्या अधिसूचनेतच वाचावी. सिनियरनी सांगितलेले जुने नियम तीन वर्षांत बदललेले असतात.

चार वर्षांच्या पदवीचाही विचार आता करायला हवा. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीनुसार चार वर्षांची पदवी आणि किमान ७५ टक्के गुण असतील तर एमएस्सी न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो. नव्या शैक्षणिक धोरणाखाली कॉलेजांत चौथं, संशोधनाचं वर्ष उपलब्ध होतं आहे. आपल्या कॉलेजात ते कुठल्या विषयाला आहे आणि मार्गदर्शक कोण, हे एसवायलाच विचारून ठेवावं. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. तीन वर्षांची बीएस्सी काही ठिकाणी स्वीकारली जाते, काही ठिकाणी नाही, म्हणून प्रत्येक विभागाच्या पानावर तपासूनच फी भरावी.

देशातल्या अर्जांत एक गोष्ट दरवर्षी अनेक हुशार मुलांची जागा घालवते, ती म्हणजे जातीचं आणि उत्पन्नाचं प्रमाणपत्र. तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रातून मिळणारं राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर आयआयटी किंवा आयसरला चालत नाही. तिथे केंद्र सरकारच्या नमुन्यातलं, त्याच आर्थिक वर्षातलं प्रमाणपत्र लागतं. राज्याच्या ओबीसी यादीतल्या काही जाती केंद्राच्या यादीत नाहीत, हेही आधी पाहावं. मराठा विद्यार्थ्यांना राज्यात एसईबीसीचं आरक्षण आहे, केंद्रीय संस्थांत ते लागू होत नाही. तिथे निकषांत बसत असेल तर ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र काढावं लागतं. हे काम अर्ज उघडायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये उरकलं तर सप्टेंबरमध्ये पळापळ होत नाही. संशोधनासाठी राज्याच्या फेलोशिपही आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पात्र असूनही माहितीअभावी अर्जच न करणारी मुलं आपल्या आसपास आहेत, आणि ही गोष्ट मनाला लागते.

परदेशाचा विषय निघाला की घरात आधी कर्जाचा आकडा काढला जातो. इथे एक फरक आई-वडिलांनी आणि मुलांनी मिळून समजून घ्यायला हवा. अमेरिकेत विज्ञानातल्या पीएचडीला बहुतेक नामांकित विभाग शिक्षणशुल्क माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या बदल्यात दरमहा मानधन देतात. एमएसला मात्र सहसा सगळा खर्च स्वतःचा. नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांचे फलक दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांना विद्यापीठांकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं, आणि ते फीवाल्या मास्टर्स अभ्यासक्रमांवर असतं. पगारी पीएचडीवर त्यांना काही मिळत नाही, त्यामुळे तो पर्याय तिथे क्वचितच सुचवला जातो. संशोधन करायचं ज्याने ठरवलं आहे, त्याने विभागांची संकेतस्थळं स्वतः वाचावीत.

अमेरिकी अर्जांची मुदत बहुधा १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान असते. २०२० नंतर अनेक विज्ञान विभागांनी जीआरईची अट काढली, काहींनी ती परत आणली. ज्या पाच-सात ठिकाणी अर्ज करायचा त्यांतल्या एकालाही ती लागत नसेल तर वीस हजारांहून अधिक रुपये वाचतात. टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण दोन वर्षं चालतात. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १०० डॉलर, म्हणजे आठ अर्ज आणि परीक्षा मिळून लाखाच्या घरात खर्च जातो. बरीच विद्यापीठं आर्थिक अडचण सांगितली तर फी माफ करतात. काही ठिकाणी पोर्टलवरच अर्ज असतो, काही ठिकाणी विभागाच्या कार्यालयाला ईमेल लिहावा लागतो. तो लिहायला संकोच करू नये. २०२५ मध्ये अमेरिकेत संशोधनाच्या निधीत कपात झाली, काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, एखाद्या ठिकाणी दिलेले प्रवेशही मागे घेतले गेले. त्यामुळे सगळे अर्ज एकाच देशात करणं आता शहाणपणाचं नाही.

जर्मनी हा चांगला पर्याय आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क सुरू केलं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि त्यात कित्येक आठवडे जातात. खर्चाची सोय दाखवण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो एका खास खात्यात ठेवावे लागतात, हा दर सप्टेंबर २०२४ पासूनचा. पीएचडी तिथे बहुतेक वेळा पगारी नोकरी असते आणि जाहिरातीवरून अर्ज करायचा असतो. मॅक्स प्लँक संस्थांच्या संशोधनशाळांचे अर्ज वेगळे निघतात, त्यांवर वर्षभर लक्ष ठेवावं.

परदेशी शिक्षणासाठी आपल्याकडचा एक जुना आधार म्हणजे जे. एन. टाटा एन्डाउमेंट. १८९२ पासून ही संस्था कर्जाच्या रूपाने शिष्यवृत्ती देते. जयंत नारळीकर १९५७ मध्ये बनारसहून बीएस्सी झाले आणि याच शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी थेट संशोधन सुरू केलं नाही, पुन्हा पदवीचा गणिताचा अभ्यासक्रम केला आणि मग फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली १९६३ मध्ये पीएचडी मिळवली. आज तीन वर्षांच्या बीएस्सीनंतर आणखी एक मास्टर्स करावी लागली तर वर्षं वाया गेली असं मानणाऱ्या घरांनी हे उदाहरण लक्षात घ्यावं. दुसरं उदाहरण अधिक जवळच्या काळातलं. मज्जासंस्थेच्या शास्त्रज्ञ शुभा टोळे मुंबईच्या सेंट झेवियर्समधून बीएस्सी होऊन कॅलटेकला पीएचडीला गेल्या आणि नंतर परतून त्यांनी टीआयएफआरमध्ये, कुलाब्याला, स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

शिफारसपत्रं तीन लागतात, आणि तिथेच आपल्याकडचे बहुतेक अर्ज दुबळे होतात. वर्गात शंभर मुलं असताना प्राध्यापकांना चेहरा आठवतो, काम आठवत नाही. मग 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं होतं. तिन्ही पत्रं एकाच हाताने लिहिलेली आहेत हे वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात कळतं. यावर उपाय साधा आहे. विद्यार्थ्याने सरांना किंवा मॅडमना एक पान टिपण द्यावं: त्यांचा कुठला पेपर घेतला, प्रात्यक्षिकात काय चुकलं आणि ते कसं दुरुस्त केलं, प्रकल्पात कुठला भाग एकट्याने केला, कुठल्या व्याख्यानानंतर काय विचारलं. पत्र त्यांच्याच शब्दांत येऊ द्यावं. अनेक पोर्टलं शिफारसकर्त्याचा संस्थेचा ईमेल पत्ता मागतात आणि साध्या जीमेलकडे संशयाने पाहतात, म्हणून कॉलेजच्या डोमेनचा पत्ता सरांकडे आहे का, हे आधीच विचारावं. आणि ही विनंती गणपतीच्या आधी करावी. त्यानंतर सत्र परीक्षा, तपासणी, दिवाळीची सुट्टी एकापाठोपाठ येतात आणि डिसेंबर उजाडतो.

उद्देशपत्र, ज्याला सगळे एसओपी म्हणतात, त्याचा उत्तम नमुना कल्याणच्या इतिहासात सापडतो. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फुकट गेला होता. पती गोपाळराव यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला मदतीसाठी लिहिलं. त्याने धर्मांतराची अट घातली आणि जोशींनी ती नाकारली. पण हा पत्रव्यवहार त्याच्या मासिकात छापला गेला, तो न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी वाचला आणि त्यांनी स्वतःहून मदत देऊ केली. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूरला आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेला का जातो, हे लोकांपुढे मांडलं. जूनमध्ये अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या.

त्या पत्रात काय होतं, हे आजच्या अर्जदाराने पाहावं. शालेय शिक्षण प्रवेशाच्या अटींत बसत नाही, हे त्यांनी लपवलं नाही. जे येतं ते सांगितलं, जे कमी आहे तेही सांगितलं. आपल्या देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी आहे आणि ती मिळत नाही, हा हेतू नेमक्या शब्दांत मांडला. नातलगांचा आणि जातीचा विरोध पत्करून समुद्र ओलांडला, ही गोष्ट चिकाटीचा पुरावा म्हणून पुढे ठेवली. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली, आणि मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी क्षयाने त्या गेल्या, हे दुःख मराठी मनात अजून आहे.

आजच्या एसओपीत याच्या नेमकं उलट दिसतं. लहानपणापासून ताऱ्यांचं वेड, विज्ञानाची आवड, जगाची सेवा, अशी सुरुवात आणि मग सगळ्या पदकांची यादी. एआयकडून लिहून घेतलेल्या पत्रांमुळे हा तोचतोचपणा आणखी वाढला आहे. दीड ते दोन पानं पुरतात. पहिल्याच परिच्छेदात कुठला प्रश्न अभ्यासायचा आहे हे यावं. दुसऱ्या भागात आजवर केलेल्या एका कामाचं नीट वर्णन यावं: काय मोजलं, काय अपेक्षित होतं, काय निघालं. एखाद्या सत्रात गुण घसरले असतील तर दोन ओळींत कारण सांगून पुढे जावं. शेवटी त्या विभागातले कोणते दोन-तीन संशोधक आणि का. हा भाग प्रत्येक विद्यापीठासाठी नव्याने लिहावा लागतो आणि त्यासाठी त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचावे लागतात. आर्काइव्ह आणि बायोआर्काइव्हवर ते फुकट मिळतात.

कागदपत्रांत मुंबई विद्यापीठाच्या मुलांना हमखास छळणारी गोष्ट म्हणजे नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. परदेशी पोर्टल आईचं नाव आडनाव समजून बसतं आणि गुणांचे अहवाल अर्जाशी जुळत नाहीत. अर्ज, टोफेल, जीआरई या सगळ्या ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव जसंच्या तसं वापरावं आणि फरकाबद्दल एक ओळीचा खुलासा जोडावा. पासपोर्ट नसेल तर तो सर्वात आधी काढावा, ठाण्यातच सेवा केंद्र आहे. ट्रान्सक्रिप्टला कॉलेज आणि विद्यापीठ मिळून किती आठवडे घेतात, हे ऑगस्टमध्येच कार्यालयात जाऊन विचारावं आणि दोन-चार सीलबंद प्रती जास्त घ्याव्यात.

मुलाखतीला बोलावणं आलं तर बहुधा पायाभूत विषयावरच प्रश्न येतात. परीक्षक आधी विचारतात, आवडता विषय कोणता. इथे भारदस्त नाव घेण्याचा मोह टाळावा. 'क्वांटम फील्ड थिअरी' म्हटलं की तिथूनच प्रश्न सुरू होतात. प्रश्न अडला तर गप्प बसू नये. मनात काय चाललं आहे ते मोठ्याने बोलत, फळ्यावर मांडत पुढे जावं. परीक्षक मधूनच इशारा देतात, तो पकडता येणं हीसुद्धा त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरं यायला लागतात. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या संकेतानुसार मानधनासह आलेल्या प्रवेशाला होकार द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो, त्याआधी दबाव आला तर नम्रपणे मुदतीची आठवण करून द्यावी. नकार आले तर कारण विचारायला हरकत नाही. कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, यांनी १९३३ मध्ये मुंबईतून बीएस्सी होऊन बंगळुरूच्या आयआयएस्सीत अर्ज केला, तो स्त्री म्हणून नाकारला गेला. त्या थेट तिथले संचालक सी. व्ही. रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आधी वर्षभराच्या चाचणीच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या.

एक वर्ष थांबावं लागलं तर ते घरी क्लासच्या नोट्समध्ये घालवू नये. पवईचं आयआयटी, टीआयएफआर, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, पुण्याचं एनसीएल आणि आयसर या संस्थांत संशोधन प्रकल्पांवर प्रोजेक्ट असिस्टंट आणि जेआरएफची पदं निघत राहतात. जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर येतात, वर्तमानपत्रात क्वचितच. वर्षभराच्या अशा कामातून पगार मिळतो, प्रयोगशाळेची सवय लागते आणि एका खऱ्या संशोधकाचं शिफारसपत्र हाती येतं. जाहिरात आणि मुलाखत यांत पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांचंच अंतर असतं, तेव्हा गुणपत्रिकांच्या प्रती, प्रकल्पाचा अहवाल आणि एक पानाचा सीव्ही एकाच फोल्डरमध्ये तयार ठेवावा, आणि दर सोमवारी या संस्थांची पानं उघडून पाहावीत.